देवळालीचा निकाल आणि आमचा तांडा

2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्रात रण माजले. जूनच्या अखेरीस सरकारने शासन निर्णय मागे घेतले, तेव्हा आमच्या इंझोरीत पारावरही त्याचीच चर्चा होती. मराठी पाहिजेच, हिंदी नको, इंग्रजीवाचून मात्र निभाव नाही, असा एकूण सूर. बंजारा समाजाचे पोहरादेवी आमच्याच मानोरा तालुक्यातले, तांडेही पुष्कळ. पण घरी गोरमाटी बोलणारे पोर पहिलीच्या वर्गात काय समजत असेल, हे पारावर कोणी विचारले नाही. मलाही ते घरी आल्यावरच सुचले.

मातृभाषेच्या शाळेचा हक्क म्हटले की मला नाशिकजवळची देवळाली आठवते. तिथली बार्न्स हायस्कूल ही अँग्लो-इंडियनांची जुनी शाळा. 1953 च्या डिसेंबरात तिथे 415 मुले होती, त्यांतली 212 अँग्लो-इंडियन. 6 जानेवारी 1954 रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे लोक सोडून कोणालाही नव्याने प्रवेश देऊ नये. हेतू वाईट नव्हता. स्वराज्य आले होते आणि देशी भाषांना बळ द्यायचे होते. पण शाळेची संस्था कोर्टात गेली. तिच्या पाठोपाठ दोन पालकही गेले. एक ख्रिस्ती गृहस्थ. त्यांची मातृभाषा इंग्रजीच, पण राज्यघटनेच्या व्याख्येप्रमाणे ते अँग्लो-इंडियन नव्हते. म्हणजे घरात इंग्रजी बोलूनही इंग्रजी शाळा बंद! दुसऱ्यांची मातृभाषा गुजराती. त्यांनाही मुलासाठी तीच शाळा हवी होती.

उच्च न्यायालयात छागला आणि दीक्षित या न्यायमूर्तींपुढे सरकार हरले. 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरले. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत भाषेच्या कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शाळा चालवण्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा गाभा. गंमत अशी की अँग्लो-इंडियन शाळेला विशेष अनुदान हवे असेल तर निदान 40 टक्के जागा इतरांना खुल्या ठेवा, असे घटनेनेच सांगितले होते. सरकारचा हुकूम पाळला असता तर शाळेची ही अटच मोडली असती.

मूठभर कुटुंबांसाठी उघडलेल्या त्या दारातून पुढे कोण कोण आत गेले, हे सांगायला नको. 2011 च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे 2 लाख 60 हजार. इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन मात्र आमच्या पांदणीपर्यंत येते. माझीही नातवंडे तिच्यातूनच जातात, तेव्हा बोट दाखवायला मी मोकळा नाही. 6 मे 2014 रोजी कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवणार आणि प्राथमिक शाळेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरांचा हक्क त्यामुळे आणखी पक्का झाला.

आता तांड्याकडे वळू. त्याच 2011 च्या जनगणनेत एकट्या लमाणी-लंबाडी नावाने आपली भाषा सांगणारे 32 लाखांवर आहेत, म्हणजे इंग्रजीवाल्यांच्या बारापट. पण कोष्टकात त्यांची भाषा हिंदीच्या पोटात मोजली जाते. 1956 साली घटनेत 350-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्याने पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. प्रयत्न करावा! बँकेत उभी हयात गेली, म्हणून हा शब्द माझ्या कानाला लगेच खटकतो. तारण असेल त्यालाच कर्ज, हा आमचा रिवाज. देवळालीकरांकडे शाळा होती, संस्था होती, वकील होता. गोरमाटी पोराकडे यातले काहीच नाही.

नोकरीत असताना एका शाखेत तांड्यावरची म्हातारी निराधार योजनेचे पैसे काढायला यायची. सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. ती गोरमाटीत बोलायची, तो मराठीत सांगायचा आणि मी इंग्रजी छापील स्लिप भरायचो. पोरगा मोठा चलाख. आजीचे शंभर रुपये कमी आले तर तो मलाच जाब विचारायचा. एकदा त्याला विचारले, "शाळेत कितवा नंबर येतो रे?" तो म्हणाला, "साहेब, मी मागं बसतो. गुरुजींचं लवकर समजत नाही."

तांड्यांसाठी निराळ्या माध्यमाच्या शाळा काढा, असे मी म्हणणार नाही. पुढे मराठी आणि इंग्रजी त्यांनाही लागणारच, आणि पालकही तेच मागतील. पण पहिली-दुसरीच्या वर्गात गोरमाटी जाणणारा एक माणूस असावा. तसे शिकलेले तरुण आज तांड्या-तांड्यांवर आहेत. नेमणुका आणि बदल्या करताना जिल्हा परिषदेने एवढी एक गोष्ट पाहिली, तरी त्या पोराला मागच्या बाकावरून दोन बाके पुढे सरकता येईल.