गोळी ज्याची त्यानेच घ्यावी

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात कंपनीच्या तपासणीत नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं आणि घरात अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनची गोळी येते. डब्याबरोबर त्यांची गोळी आठवणीने देणाऱ्या मैत्रिणी स्वतःची गोळी मात्र 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून परस्पर बंद करतात. बचत गटाच्या बैठकीत हे नेहमी ऐकू येतं. अहो, रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच! ती सोडली की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं, तेही गुपचूप. कळतं ते थेट हार्ट अॅटॅक किंवा अर्धांगवायू झाल्यावर.

दुसरी खोड म्हणजे शेजारणीची गोळी मागून घेणं. ही काय उसनी साखर आहे? गरोदरपणात, अंगावर पाजताना किंवा लिव्हरचा आजार असताना डॉक्टर सहसा ही गोळी देत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर घेतली तर स्नायूंना इजा होऊ शकते. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. विनाकारण अंग फार दुखलं, लघवी काळसर झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ज्या कुळातल्या बुरशीपासून पेनिसिलिन बनलं, त्याच कुळातल्या बुरशीत जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन सापडलं. इतक्या कष्टाने मिळालेलं औषध आपण अर्ध्यावर का सोडायचं? महाग वाटलं तर डॉक्टरांना जेनेरिक लिहून द्यायला सांगा. पण बायांनो, घरखर्चात काटछाट करताना पहिली कात्री स्वतःच्या औषधाला लावू नका.