मधली फळी कुठे आहे?

डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी मुंबईत येऊन गेला. वानखेडे स्टेडियमवर सोहळा झाला आणि त्या निमित्ताने राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ या फुटबॉल योजनेचाही गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालील गुणी मुले-मुली राज्यभरातून हेरायची आणि शिष्यवृत्ती देऊन त्यांना घडवायचे, असा या योजनेचा हेतू. त्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या महिन्यात हा सोहळा झाला, त्याच महिन्यात देशातील अव्वल फुटबॉल स्पर्धा, म्हणजे इंडियन सुपर लीग, ठप्प होती. महासंघ आणि स्पर्धेचे आयोजक यांच्यातील पंधरा वर्षांचा करार संपत आला होता. त्याचे नूतनीकरण न झाल्याने जुलैतच हंगाम स्थगित करण्यात आला आणि पुढे व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, तेव्हा एकही बोली आली नाही. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या समूहानेही याच डिसेंबरात मुंबई सिटी या क्लबमधून अंग काढून घेतले. एकीकडे शिडीच्या पहिल्या पायरीचे उद्घाटन आणि दुसरीकडे शेवटची पायरी निखळलेली, असे ते चित्र होते. पण खरा प्रश्न या दोन पायऱ्यांच्या मधल्या भागाचा आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील लोणखेड्याचे उदाहरण घेऊ. शहादा शहराला लागूनच असलेले हे गाव. समजा, अशा निवड चाचणीत इथला एखादा बारा वर्षांचा मुलगा निवडला गेला. पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीपर्यंतचे चारशेहून अधिक किलोमीटरचे अंतर तो कापेलही. नंदुरबारच्या मुलांना अंतराचे भय नाही. लांब पल्ल्याचा धावपटू किसन तडवी याच जिल्ह्यातला. परंतु धावपटूला एक मार्गदर्शक, एक धावपट्टी आणि एक घड्याळ असले की बरेच काही साधता येते. घड्याळ खोटे बोलत नाही आणि ते नंदुरबारमध्येही तेच असते, नैरोबीमध्येही तेच. फुटबॉलपटूचे तसे नाही. त्याला समोर आपल्यापेक्षा किंचित सरस असे अकरा जण लागतात, आणि तेही दर आठवड्याला, वर्षातले आठ-नऊ महिने. ते पुरवण्याचे काम शिबिरे किंवा शिष्यवृत्ती करू शकत नाहीत. ते क्लबच करतात. तेव्हा या मुलाचे अठराव्या वर्षी काय होणार, हे पाहायचे तर आधी निवडल्या गेलेल्यांचे काय झाले, हे पाहावे लागेल.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा अशा निवडीतून वर आलेला सर्वांत यशस्वी मराठी खेळाडूंपैकी एक. जन्म २००० सालचा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत तो घडला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा दिल्लीत खेळलेल्या भारतीय संघाच्या आघाडीच्या फळीत तो होता. त्यानंतर महासंघाच्या ‘इंडियन अ‍ॅरोज’ संघातून तो आय-लीग खेळला आणि २०१९ साली तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी थेट इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबकडे गेला. परतल्यावर जमशेदपूर, मग हैदराबाद, मग ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. ही कारकीर्द उत्तमच म्हणावी लागेल. पण त्या गावांच्या नावांकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यात महाराष्ट्रातले एकही गाव नाही. मधल्या फळीत खेळणारा कोल्हापूरचाच निखिल कदम हाही पुणे एफसीच्या अकादमीतला. त्याची कारकीर्द कोलकात्याच्या मोहन बागान आणि गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये बहरली. खेळाडूने परमुलखात जाऊन खेळणे यात गैर काहीच नाही. परंतु ज्यांना घरच्या मैदानात जागाच उरलेली नाही, त्यांच्या जाण्याला निवड म्हणता येत नाही.

ब्लॅकबर्नचा उल्लेख झाला आहे, तर तिथे थोडे थांबले पाहिजे. कारण हा इंग्लिश क्लब पुण्याच्या मालकीचा आहे. अंडी-कोंबडीच्या व्यवसायातील ‘वेंकीज’ या पुण्याच्या समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये तो विकत घेतला. १८७५ मध्ये स्थापन झालेला आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता असलेला हा क्लब २०१२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला आणि पुढच्याच वर्षी परत वर आला. या मालकांवर तिथले प्रेक्षक खूश आहेत, असे अजिबात नाही. एका सामन्यात तर निषेध म्हणून मैदानात चक्क कोंबडी सोडण्यात आली होती. अलीकडे मालकांना क्लबसाठी पैसा बाहेर पाठवण्याकरिता दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, ही भर वेगळीच. तरीही क्लब चालू आहे. सामने होतात, खेळाडूंची दर हंगामात खरेदी-विक्री होते, लहान मुले अकादमीत येतात.

आता त्याच काळात खुद्द पुण्यात काय झाले? अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये सुरू केलेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळून त्याच वर्षी दिसेनासा झाला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये थांबला. सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. अवघ्या चार वर्षांत एकाच शहरातले चार व्यावसायिक क्लब गेले. पुण्यात पैसा नव्हता म्हणून हे घडले, असे ब्लॅकबर्नकडे पाहून तरी म्हणता येणार नाही.

मग फरक कशाचा? ब्लॅकबर्न ज्या लँकेशायरमध्ये आहे, त्या भागाचा आणि खानदेशचा एक जुना संबंध आहे. अमेरिकेतील यादवीमुळे १८६० च्या दशकात तिथल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. पुढे त्या गिरण्या बंद पडल्या. गिरणगावांतले फुटबॉल क्लब मात्र टिकले. ब्लॅकबर्नपासून सात-आठ किलोमीटरवर अ‍ॅक्रिंग्टन हे गाव आहे. लोकसंख्या २०११ मध्ये जेमतेम पस्तीस हजार, म्हणजे शहाद्यापेक्षा बरीच कमी. तिथला अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा क्लब १९६२ मध्ये कर्जापायी लीगमधून बाहेर पडला. गावकऱ्यांनी १९६८ मध्ये तो पुन्हा उभा केला, तळाच्या स्थानिक स्पर्धांपासून सुरुवात केली आणि एकेक पायरी चढत २००६ मध्ये तो लीगमध्ये परतला. चव्वेचाळीस वर्षे लागली, पण वाट खुली होती. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या वीस क्लबांखाली आणखी बहात्तर व्यावसायिक क्लब तीन श्रेणींत खेळतात आणि त्यांच्याही खाली अर्धव्यावसायिक क्लबांचे थरावर थर आहेत. राष्ट्रीय संघाचे दार कधीही न ठोठावलेला, घरोघरी नाव न पोहोचलेला मधल्या फळीचा खेळाडू याच थरांमध्ये पंधरा-पंधरा वर्षे खेळून संसार चालवतो. तिथल्या फुटबॉलची खरी ताकद वेम्ब्लीवर दिसते त्याहून अधिक या अनाम खेळाडूमध्ये आहे. आपल्याकडे नेमका तोच खेळाडू नाही, कारण त्याला उभे राहायला जागाच नाही.

याच परिसरातल्या बरी या क्लबचे नाव भारतीय फुटबॉलप्रेमींना ठाऊक असेल. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये तिथे खेळायला गेला, तेव्हा तो क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. दुखापतींनी ग्रासलेल्या त्या तीन वर्षांत भुतियाच्या वाट्याला लीगचे ३७ सामने आणि ३ गोल आले. आकडे लहान, पण एका भारतीय खेळाडूला इंग्लंडच्या खालच्या श्रेणीचा दमखम जवळून कळला, हे महत्त्वाचे. हा बरी क्लब आर्थिक दिवाळखोरीमुळे २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगमधून काढून टाकण्यात आला. सव्वाशे वर्षांचे लीगमधील स्थान संपले आणि इंग्लंडमध्ये खळबळ माजली. फुटबॉलच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि २०२५ मध्ये क्लबांच्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख करणारा स्वतंत्र नियामक नेमणारा कायदाही झाला. दरम्यान, प्रेक्षकांनी नवा क्लब काढून तळापासून खेळायला सुरुवात केली आणि जुन्या मैदानावर ते परतलेसुद्धा.

त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी संपला. इथे मात्र कोणतीही समिती बसली नाही. त्याची सुपर लीगमधील जागा नव्या मालकांनी घेतली आणि ती हैदराबादला गेली. अनिकेत जाधव २०२१ मध्ये ज्या हैदराबाद एफसीत दाखल झाला आणि ज्याने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले, तो हाच क्लब. पुण्याच्या अकादमीत वाढलेला खेळाडू पुण्यातून उठलेल्या जागेवर तेलंगणात खेळला, हा योगायोग म्हणावा की व्यवस्थेचे लक्षण, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे हैदराबादचीही आर्थिक घडी विस्कटली आणि २०२५ मध्ये तो क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. ओडिशा एफसी तर २०१९ पूर्वी दिल्लीचाच क्लब होता. थोडक्यात, आपल्याकडे क्लब म्हणजे एक परवाना असतो. मालकाला परवडेल तिथे तो बिऱ्हाड हलवतो. प्रेक्षक, मैदान, वस्ती यांचा त्या परवान्यावर काहीही हक्क नसतो.

पूर्वी परिस्थिती फार चांगली होती, असा उमाळा काढण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट नमूद करायला हवी. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाची मुंबई हे देशातील एक प्रमुख फुटबॉल केंद्र होते. त्या काळी रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्र, ओर्के मिल्स असे कचेऱ्यांचे आणि कंपन्यांचे संघ खेळाडूला नोकरी देत. पगार बेताचा, पण निवृत्तीपर्यंतचा. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शिल्लक राहत असे. व्यावसायिक लीग आल्यावर हे संघ कालबाह्य ठरले. राष्ट्रीय लीगचे २००५-०६ चे विजेतेपद मिळवणाऱ्या महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये दुकान बंद केले. एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून आय-लीगबाहेर काढण्यात आले. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. मुंबईचाच केंकरे एफसी २०२३ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला, तेव्हापासून २०२४-२५ च्या हंगामापर्यंत देशाच्या दुसऱ्या श्रेणीत महाराष्ट्राचा एकही क्लब उरला नव्हता. नोकरीची हमी काढून घेतली आणि तिच्या जागी आलेला व्यवसायही टिकला नाही. या सौद्यात खेळाडू दोन्हीकडून बुडाला. मुंबईच्याच मैदानांवर मधल्या फळीत खेळलेला आणि पुढे मुंबई एफसीचा मार्गदर्शक झालेला खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला, याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्याची जडणघडण करणारे महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी यांपैकी आज राष्ट्रीय लीगमध्ये कोण आहे?

या सगळ्याला राज्यात एक सणसणीत अपवाद आहे आणि तो पुन्हा कोल्हापूरचाच. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथली नावे. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांत शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने होतात, तेव्हा अख्ख्या पेठा लोटतात. भांडणे होतात, दगडही पडतात. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु ही तालीम कोणी उद्योगपती एका सकाळी बंद करू शकत नाही, कारण ती कोणा उद्योगपतीची नाहीच. ती पेठेची आहे. अ‍ॅक्रिंग्टनला जे साधले, त्याचे बीज आपल्याकडे आहे ते इथेच. अनिकेत आणि निखिल एकाच शहरातून का आले, याचे उत्तरही बहुधा इथेच सापडेल.

मग या तालमींना वर चढण्याची वाट का नसावी? आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये प्रवेश देण्याची पद्धत २०२३ मध्ये सुरू झाली, तोवर वर जाण्याचे दारच बंद होते. आता दार निदान किलकिले आहे. राज्य संघटनांनी आपल्या स्पर्धांतून क्लब पाठवायचे आणि त्यांनी राष्ट्रीय लीगच्या तळाच्या श्रेणीपासून चढत जायचे, अशी रचना कागदावर तयार आहे. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून वर्षभर चालणारी, चढ-उतार असलेली राज्य लीग हवी. नंदुरबार, धुळे, जळगावचे संघ आधी आपसांत खेळतील, त्यातला विजेता नाशिक-पुण्याच्या संघांशी भिडेल. यात मेस्सीसोबतचे छायाचित्र मिळणार नाही. प्रवासखर्च, पंच, मैदानाची देखभाल आणि रुग्णवाहिका, एवढ्याच रुक्ष बाबींवर पैसा जाईल. सरकारी योजनांना अशा बाबी आवडत नाहीत, कारण त्यांचे उद्घाटन करता येत नाही.

‘महादेवा’त निवडली गेलेली मुले २०३१ च्या सुमारास अठरा वर्षांची होतील. तोवर राज्यात त्यांच्यासाठी निदान दहा-बारा क्लब उभे राहणार आहेत की त्यांनाही जमशेदपूर आणि भुवनेश्वरच्या गाड्या पकडाव्या लागणार आहेत, याचा खुलासा योजनेसोबतच व्हायला हवा होता. सुपर लीगचा अडलेला गाडा अखेर केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जानेवारी २०२६ मध्ये हलवला आणि १४ फेब्रुवारीपासून चौदा संघांची स्पर्धा जाहीर केली. वेळ कमी असल्याने प्रत्येक संघाने दुसऱ्याशी एकदाच खेळायचे ठरले. पुण्याच्या पैशावर चालणारा ब्लॅकबर्न एका हंगामात लीगचे ४६ सामने खेळतो. भारतातल्या अव्वल संघांच्या वाट्याला या वेळी प्रत्येकी १३ आले.