दगडफूल, समुद्रपुष्प आणि "वाचली की!"

परवा सकाळच्या फिरण्यात एक मित्र ठणकावून म्हणाले, "मुंबईतली प्रवाळं उचलून दुसरीकडे नेली, म्हणजे वाचली की! उगाच कशाला ओरडता?" मास्तरकी सुटली तरी सवय सुटत नाही, म्हणून हे लिहितोय.

मंडळी, आपल्या सोलापुरी काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं. ते फूल नव्हेच! बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार. बुरशी आसरा देते, शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. समुद्रपुष्प, म्हणजे सी ॲनिमोन, आणि त्याचं भावंड प्रवाळ हेही दिसायला फुलासारखे, पण प्राणी. प्रवाळांच्या आणि कितीतरी समुद्रपुष्पांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि भाड्यापोटी साखर देतं.

पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अवघा १ अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाची यंत्रणा बिघडते. त्यातून घातक द्रव्यं तयार होतात आणि प्राणी शैवालाला बाहेर काढतो. रंग जातो, पांढरेपण येतं. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नव्हे, उपाशी! पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. समुद्रपुष्प शिकारीवर काही काळ तग धरतं, पण आक्रसतं, आणि त्याच्या आसऱ्याचे क्लाउनफिश अंडीही कमी घालतात.

मित्र हसले, "आम्ही ४४ अंशात राहतो, १ अंशाचं काय सांगता?" अहो, हवेचं नको, अंगाचं बघा. ३७ चे ३८ झाले की गोळी शोधता ना?

कोस्टल रोडसाठी २०२० साली वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळ वसाहती हलवल्या. हलवणाऱ्या शास्त्रज्ञांवर माझा राग नाही, राग आहे तो "वाचली की"वर. जागा बदलली, पण समुद्र तोच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तरी तिथली प्रवाळंही पांढरी पडली. तापलेलं पाणी सरकारी पाटी वाचत नाही. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर केलं.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. पण हलवणं म्हणजे भरपाई, हा हिशोब मला मान्य नाही. सांडपाणी आणि गाळ थांबवा, कोळसा कमी करा, मग बोला. आणि "समुद्र आमच्यापासून लांब" हेही नको. आमच्याच जिल्ह्यात कोळशावरचा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. त्याचा धूर जिल्ह्याची हद्द पाळत नाही, आणि अशाच विजेवर हे लिहिताना माझ्या डोक्यावरचा पंखा फिरतोय. म्हणजे दोषात मीही आलो.

असो. हे वाचून मित्र काय म्हणतात, ते कळवीनच.