ओल आणि ऑइलपेंट

भिंतीला ओल आली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो रंगाचा. "ऑइलपेंट मारून टाका हो, पाच वर्षं बघायला नको!" सांगणारा बहुधा नव्या ब्लॉकात राहत असतो. आमच्या चाळीच्या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुना सच्छिद्र, आत मुरलेलं पाणी तो हळूहळू बाहेर सोडतो. शिवाय ताज्या चुन्याच्या सफेदीवर बुरशी सहजी धरत नाही, इतका तो जहाल. अशा भिंतीला ऑइलपेंट फासणं म्हणजे घामाघूम माणसाला रेनकोट चढवणं! दिवाळीचा रंग श्रावणात पुरीसारखा फुगतो आणि पोपड्यामागे काळी बुरशी हजर.

बँकेच्या भाषेत, ओल ही मुद्दल आणि बुरशी हे व्याज. रंगारी व्याज झाकतो, मुद्दलाला हातच लावत नाही. गळकी पन्हळ, गच्चीच्या भेगेतला पिंपळ यांकडे बघायचं कुणी? मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे. पिंपळ दोघांकडे बघत वाढतो.

शेजारच्या अण्णांना दमा. बुरशीनं तो उसळतो, हे डॉक्टरांनी बजावलेलं. मुलानं लगेच खोलीला गुलाबी ऑइलपेंट काढला. "कसा वाटतो, अण्णा?"

अण्णा खोकले.