पुढची नंबर प्लेट कोणासाठी?

जुन्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायचा आदेश निघाल्यापासून आपल्याकडे दरावर बोलून झालं, मुदतवाढीवर बोलून झालं, दंडावरही बोलून झालं. मार्च २०२५ ची मुदत एप्रिलवर गेली, मग जूनवर, मग १५ ऑगस्टवर आणि त्याही पुढे. दर वेळी लोकांनी 'अजून वेळ आहे' म्हणून सुस्कारा सोडला. या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे राहिला. गाडीच्या मागे नंबर असतोच, मग पुढेही का लागतो? तो नेमका कोणाच्या उपयोगाचा? मला वाटतं, याचं उत्तर ज्याला नीट पटलं, त्याला मुदतीची वाट पाहावीशी वाटणार नाही.

आपलं सिल्लोड रस्त्यावरचं गाव. संभाजीनगरहून फुलंब्रीमार्गे आलेला रस्ता इथून गोळेगाव, अजिंठा करत घाट उतरतो आणि फर्दापूरवरून जळगावकडे जातो. एक फाटा भोकरदनला, म्हणजे जालना जिल्ह्यात. अजिंठ्याहून पुढे शिवण्याकडून बुलडाण्याची हद्द लागते. त्यामुळे चौकात घटकाभर उभं राहिलं तरी एमएच २०, १९, २१ आणि २८ अशा चारही पासिंगच्या गाड्या डोळ्यांसमोरून जातात. मिरचीच्या दिवसांत पिकअप, मका आणि कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वर्षभर लेणी पाहायला जाणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी. आणि याच रस्त्याच्या कडेने शाळेची पोरं चालतात, बाया डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन जातात, म्हातारी माणसं एसटीची वाट बघत उभी असतात. अंगावर येणारी गाडी त्यांना दिसते ती समोरून.

वर्तमानपत्रात 'अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार' ही चार ओळींची बातमी आपण किती सहज वाचून पान उलटतो. त्या घरावर पुढे काय येतं, ते या बातमीत नसतं. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर कायद्याने मिळणारी भरपाई ठरलेली आहे. मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर दुखापत झाली तर पन्नास हजार. हेही १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजारांवर बोळवण व्हायची. यासाठी अर्ज आपल्याच उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो, ते चौकशी करतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर मिळते. ही योजना आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांना ठाऊकसुद्धा नसते. ती माहीत असावी, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

गाडीचा नंबर मिळाला, तर मात्र सगळं चित्र बदलतं. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. गेलेल्या माणसाचं वय किती होतं, कमाई किती होती, मागे खाणारी तोंडं किती, हे पाहून भरपाई ठरते. तिला दोन लाखांची मर्यादा नसते. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागायची सोय कायद्याच्या १६४ व्या कलमात आहे. प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा, त्यामुळे पैसे देणारी विमा कंपनीही समोर असते. कमावत्या माणसाच्या माघारी पोरांचं शिक्षण पुरं होणार की शेत गहाण पडणार, हे कित्येकदा त्या नंबरवर ठरतं.

नव्या प्लेटची चर्चा होते ती चोरी आणि घातपाताच्या संदर्भात, आणि त्याला कारणही आहे. २००१ साली केंद्राने या प्लेटचा नियम केला, पण राज्यांनी तो वर्षानुवर्षं टांगून ठेवला. दहशतवादविरोधी आघाडीचे मनिंदरजितसिंग बिट्टा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका लावून धरली, तेव्हा कुठे राज्यं हलली. चोरीच्या गाड्या खोटे नंबर लावून घातपातात वापरल्या जातात, हा त्यामागचा धोका. पुढे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही प्लेट कंपनीकडूनच येऊ लागली. त्याआधीच्या गाड्यांचा प्रश्न उरला आणि तोच आता आपल्या दारात आला आहे. पण घातपात रोज होत नाहीत, अपघात रोज होतात. म्हणून मला ही प्लेट आधी रस्त्यावरच्या माणसाची वाटते, पोलिसांची नंतर.

प्लेट हातात घेऊन एकदा नीट पाहावी. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, कडा गोलसर. डाव्या बाजूला वर वीस मिलिमीटरच्या चौकोनात अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, त्याच्याखाली निळ्या अक्षरांत 'आयएनडी'. खाली लेझरने कोरलेला दहा खुणांचा क्रमांक. तो पुढच्या प्लेटवर वेगळा आणि मागच्या प्लेटवर वेगळा असतो आणि दोन्ही सरकारी नोंदीत त्या एकाच गाडीला जोडलेले असतात. अक्षरं पत्र्यातून उठावदार, त्यांच्यावर तिरप्या ओळीत 'इंडिया' छापलेलं. चारचाकीसाठी अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०. दुचाकीच्या पुढची पट्टी २८५ बाय ४५ मिलिमीटरची आणि तिच्यावरचं अक्षर ३० मिलिमीटर उंच. स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. चारचाकीला समोरच्या काचेवर आतून लावायचं स्टिकरही मिळतं. त्याचा रंग पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा आणि डिझेलला नारिंगी.

अक्षराची उंची, जाडी आणि दोन अक्षरांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये ठरवून दिलंय, ते घाबरलेल्या माणसाला क्षणभरात वाचता यावं म्हणून. आपल्याकडे ४१४१ चं 'दादा' करून लावायची हौस जुनी आहे. ८०५५ चं इंग्रजीतलं 'बॉस' करणारेही आहेत. नंबर आवडीचा घ्यावा, त्यासाठी सरकार रीतसर शुल्क घेऊन तो देतं. पण आकडे वळवून नाव काढलं की नंबर वाचणारा गोंधळतो. धडक बसून रस्त्यावर पडलेल्या बाईने पोलिसांना काय सांगायचं? 'दादा लिहिलं होतं' एवढंच? तशा गाड्या जिल्ह्यात किती असतील.

दसऱ्याला आपण गाडी धुऊन, हळदी-कुंकू लावून झेंडूचा हार घालतो. ही आपली श्रद्धा आहे आणि ती जपावीच. पण हार पुढच्या नंबरवर लोंबतो आणि सुकून काळा पडेपर्यंत तसाच राहतो. लिंबू-मिरचीही नेमकी प्लेटच्या मधोमध येते. हार बोनेटवर बांधला, लिंबू-मिरची बंपरच्या कडेला टांगली, तर पूजा कुठे उणी पडत नाही. समोरचं लोखंडी बुलगार्डही असंच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ते बेकायदा ठरवलं, तरी आजही ते कित्येक गाड्यांना दिसतं आणि नंबराचे दोन-तीन आकडे त्याच्या नळीआड गेलेले असतात. आदळल्यावर समोरच्या माणसाला ते जास्त इजा करतं, हा धोका वेगळाच.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचं सगळ्यात अवघड. ट्रॅक्टरचा मागचा नंबर ट्रॉलीआड झाकला जातो, ट्रॉलीवर बहुधा काहीच नसतं. मोटार वाहन कायद्याचं ६१ वं कलम सांगतं की ट्रॉली जोडली असेल, तर ओढणाऱ्या वाहनाचा नंबर ट्रॉलीवर दिसलाच पाहिजे, आणि एकामागे एक ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळल्याच्या घटना आपल्याला नव्या नाहीत. तिथे मागून काहीच वाचता येत नसेल, तर ट्रॅक्टरच्या तोंडावरचा नंबर हीच एकमेव खूण उरते, आणि तोही चिखलाने माखलेला असतो. ट्रॅक्टर आपला, रस्त्यावर चालणारी माणसंही आपलीच.

कोणी म्हणेल, रात्री हेडलाइटच्या झोतात पुढची प्लेट वाचता तरी येते का? खरंय, उभ्या माणसाला फारशी येत नाही. पण हल्ली रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपांवर, ढाब्यांवर, कृषी सेवा केंद्रांवर कॅमेरे आहेत. अपघात झाला की पोलीस दुकानादुकानांत जाऊन चित्रण तपासतात. गाडी एका कॅमेऱ्यात समोरून दिसते, दुसऱ्यात मागून. दोन्हीकडे नंबर असला, तर सापडायची शक्यता वाढते. टोलनाक्यावरचे आणि समृद्धी महामार्गावरचे कॅमेरेही नंबर वाचूनच काम करतात.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांच्या फोटोंत पुढे नंबर नसलेल्या गाड्या दिसतात, तेव्हा इथली मुलं विचारतात की तिकडे चालतं तर इथे का नाही. तिथे हा ज्या त्या राज्याचा कायदा. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया इथे फक्त मागची प्लेट लागते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात दोन्ही. नोकरी बदलून पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत आलेल्या कुटुंबाला गाडीच्या पुढेही प्लेट लावून घ्यावी लागते. ओहायोने २०२० मध्ये आणि युटाने २०२५ मध्ये पुढची प्लेट बंद केली. ब्रिटनमध्ये मात्र पुढे पांढरी आणि मागे पिवळी, दोन्ही सक्तीच्या. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये गाड्यांना नंबर लावायला लावले, तेव्हापासून हा विचार चालूच आहे. अमेरिकेतल्या रस्त्यांवर गाड्याच जास्त आणि पायी चालणारे थोडे. आपल्याकडे एकाच डांबरी पट्ट्यावर बैलगाडी, सायकल, शेळ्या, शाळकरी पोरं आणि कंटेनर. आपल्या रस्त्यावरच्या माणसाला गाडीची ओळख दोन्ही बाजूंनी हवी.

आता अडचणींचं. लोक आळसाने टाळतात, असं सरसकट म्हणणं अन्याय होईल. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटारीला आणि इतर मोठ्या गाड्यांना ७४५, वर जीएसटी. म्हणजे दुचाकीला ५३१ रुपये पडतात. मजुरीवर जगणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. नोंदणी ऑनलाइन आणि कित्येक जुन्या गाड्यांच्या नोंदीत मोबाइल नंबरच चुकीचा. एका केंद्रावर मी एका वयस्कर शेतकऱ्याची जुनी स्प्लेंडर पाहिली. पुढच्या मडगार्डवर पूर्वीची वाकडी पट्टी गंजून निम्मी गळालेली, नवी सरळ पट्टी बसवायला खालचं क्लॅम्पच नाही. पोराने शेजारच्या मिस्त्रीकडून लोखंडी पट्टीचं क्लॅम्प वाकवून आणलं, तेव्हा ती बसली. "आता दिसन का माहा नंबर?" एवढंच त्या आजोबांनी विचारलं, आणि चार पावलं मागे जाऊन स्वतः वाचून पाहिलं.

खरी मेख आणखी वेगळी आहे. आपल्याकडे दुचाकी तीन-चार हातांतून फिरते आणि कागदावर नाव पहिल्याच मालकाचं राहतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या की व्यवहार झाला, असं दोघंही समजतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी त्याने आधीच विकलेली असली तरी. प्लेट नवी आणि नाव जुनं राहिलं, तर नंबर सापडूनही बोजा भलत्याच माणसावर पडतो. नवी प्लेट नसेल, तर नाव बदलणं, पत्ता बदलणं, कर्जाची नोंद काढणं ही आरटीओतली कामंही अडतात. म्हणून ही दोन्ही कामं पाठोपाठ उरकून टाकलेली बरी.

हे घडावं म्हणून प्रशासनाने मोठ्या गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी शिबिरं घ्यावीत. मोबाइल नंबर दुरुस्ती, नाव हस्तांतरण आणि प्लेट, तिन्हींची सोय एकाच मांडवात करावी. ग्रामपंचायतींनी हंगामापूर्वी ट्रॉल्यांवर नंबर रंगवायची मोहीम काढावी, त्याला ऑइल पेंटचा एक डबा आणि एक पेंटर पुरतो. नोंदणी करताना परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच जावं. खोट्या लिंकवरून पैसे गेल्याचे प्रकार झाले आहेत. पुढची प्लेट पडली किंवा हरवली, तर आधी पोलिसांत तक्रार द्यावी आणि तिच्या प्रतीवर नवी मागवावी. मिस्त्रीकडून पत्र्यावर नंबर रंगवून फिरू नये. हरवलेली प्लेट दुसऱ्याच्या गाडीवर गेली, तर तक्रारीचा तो कागदच आपल्याला वाचवतो.

तृतीय पक्ष विमा आपण भरतो, तो आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला मिळावं म्हणून. पुढची नंबर प्लेटही त्याच हिशेबात धरली पाहिजे. ती स्वच्छ आणि स्पष्ट ठेवणं म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगणं, की माझ्या हातून काही झालंच तर मी सापडेन, पळणार नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाकडून समाजाने एवढी हमी मागणं रास्त आहे, आणि ती द्यायला सरकारच्या शेवटच्या मुदतीची वाट पाहायची गरज नाही.