नावामागची गोष्ट : भाटघरचे लॉईडसाहेब

दोस्तांनो, सुट्टीत भोरला जाऊन आलेल्या एका वाचकमित्राचं पत्र आलंय. तो विचारतो, "भाटघरच्या धरणाला आजोबा लॉईड धरण म्हणतात. हा लॉईड कोण?"

जॉर्ज लॉईड १९१८ ते १९२३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मुळशीचा सत्याग्रह आणि १९२२ सालची गांधीजींची अटक, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतल्या. घराणं मूळचं वेल्समधल्या डोलोब्रानचं. १७६५ साली बर्मिंगहॅममध्ये लॉईड्स बँकेचा पाया घातला तो याच घराण्यानं. १९२५ मध्ये राजानं जॉर्जसाहेबांना 'बॅरन लॉईड' ही सरदारकी दिली. बॅरन म्हणजे तिथल्या सरदारकीची सगळ्यांत खालची पायरी बरं का! पण वंशपरंपरेची. बापामागून मुलगा आपोआप बॅरन.

आपल्याला हे नवं नाही. भोरचं सचिवपदही असंच. राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायण यांना मिळालं आणि पुढे पिढ्यान् पिढ्या चाललं. त्यांचे वंशज 'पंतसचिव' म्हणून भोर संस्थानावर राज्य करत होते, ते थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत! फरक एवढाच, की आपल्याकडे मुलगा नसला तर दत्तक घेत. भोरच्या गादीवरही दत्तक आले. ब्रिटनमध्ये मात्र दत्तक मुलाला सरदारकी मिळत नाही.

आणि नेमकं तिथंच लॉईडांचं गाडं अडलं. जॉर्जसाहेब १९४१ मध्ये वारले. त्यांचा मुलगा अलेक्झांडर दुसरा बॅरन झाला. १९८५ मध्ये तो गेला, तेव्हा मागे मुलगा नव्हता. पदवी संपली! वंशपरंपरेची म्हणायची, आणि टिकली जेमतेम साठ वर्षं.

वेळवंडी नदीवरचं धरण मात्र भक्कम उभं आहे. त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं, आणि ते नीरेच्या कालव्यांतून पार बारामती-फलटणकडच्या शेतांना जातं. जलाशयाला आता नाव आहे येसाजी कंकांचं. शिवरायांचे हे सवंगडी भोरकडचेच, भुतोंड्याचे.

पण या पाण्याखाली ज्यांची घरं-वावरं गेली, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. उन्हाळ्यात पाणी आटलं, की कांबरे गावचं कांबरेश्वराचं जुनं देऊळ वर येतं. गावकरी तेव्हा दर्शनाला जातात. पुढच्या मे महिन्यात भोरला गेलात, तर आजोबांना म्हणावं, तिकडंही घेऊन चला.