लिगोला घाबरता, मग भंगाराला का नाही?

परवा औंढ्याच्या स्टँडवर एका काकांनी पुन्हा तोच प्रश्न टाकला. "पत्रकार साहेब, दुधाळ्याला ते अणूचं काम चालू हाय, त्याचा कचरा आपल्याच रानात पुरणार का?"

मंडळी, शेवटचं सांगतो. लिगोमध्ये अणुऊर्जा विभाग आहे, पण अणुभट्टी नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात पोकळी, लेझर आणि आरसे. २६०० कोटींच्या या कामात युरेनियमचा कण नाही. किरणोत्सारी कचरा निघायचा प्रश्नच येत नाही. जमिनीबद्दल, स्थानिकांच्या नोकऱ्यांबद्दल भांडा, मी सोबत आहे. कचऱ्याची भीती मात्र चुकीच्या दारात उभी आहे.

बरोबर दार सांगू? भंगाराचं दुकान.

एप्रिल २०१०, दिल्लीचं मायापुरी. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं एक यंत्र १९८५ पासून नुसतं पडून होतं. फेब्रुवारीत लिलाव झाला, यंत्र भंगारात गेलं. शिसं काढायला कामगारांनी ते फोडलं. एकाच्या पाकिटात त्याचा तुकडा निघाला. एक कामगार मेला, बाकीचे किरणांनी भाजून दवाखान्यात पडले. 

पंचवीस वर्षं! एवढ्या काळात कुणीच ठरवलं नाही की याचं करायचं काय. माझा राग त्यावर आहे. कारण हे ठरवणं अवघड नाही. थायरॉईडच्या उपचारातलं आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ऐंशी दिवस कुलपात ठेवलं की हजारावा भाग उरतो. कोबाल्टला निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, सीझियमला तीस. ते कुलपात ठेवून भागत नाही, ज्याने विकलं त्याला परत द्यावं लागतं. तारापूरसारख्या ठिकाणचे हातमोजे, फडकी, फिल्टर तिथंच आवारात काँक्रीटच्या खंदकात जातात. म्हणजे कुठला कचरा थांबवायचा, कुठला परत पाठवायचा, कुठला पुरायचा हे यंत्र विकत घेतानाच लिहून ठेवता येतं. आपल्याकडं ते डेडस्टॉक रजिस्टर भरल्यावर आठवतं.

कायदा नाही का? आहे की. १९८७ चे नियम आहेत, परवानगीशिवाय असा कचरा टाकता येत नाही. पण मायापुरीनंतर २०१२ मध्ये कॅगनं अणुऊर्जा नियामक मंडळाची तपासणी केली. अहवालात काय निघालं? वापरून झालेले स्रोत खरंच सुरक्षित जागी पोचले का, हे पडताळायची नीट व्यवस्थाच नाही. हरवलेले स्रोत शोधण्यातही मंडळ कमी पडलं. देशातली ९१ टक्के एक्स-रे केंद्रं तर मंडळाकडं नोंदलेलीच नव्हती. (एक्स-रे मशीनच्या कचऱ्याला घाबरू नका, स्विच बंद की किरणं बंद. पण जे मोजता येतं तेच मोजलं नसेल, तर बाकीचं काय?)

कुणी म्हणेल, हिंगोलीत असलं काही नाही. नसेलही. आपले कॅन्सरचे पेशंट नांदेडला, संभाजीनगरला जातात. पण भंगाराच्या गाडीला जिल्ह्याची हद्द कळते का? आणि गाडी इथं रिकामी झाली तर ती हातानं निवडणारं पोरगं आपल्याच गावचं असतं. पिवळ्यावरची तीन पात्यांची खूण त्याला कुणी कधी दाखवलीय?

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. साहेब, तीन गोष्टी करा, पैसा फार लागत नाही. किरणोत्सारी स्रोत वापरणाऱ्या जागांची यादी करा आणि ती लोकांना दाखवा, 'निरंक' असेल तर निरंक म्हणून दाखवा. सरकारी दवाखाना, कॉलेज, कारखाना, कुणाच्याही निर्लेखनाच्या प्रस्तावाला 'यात स्रोत नाही' असा सहीचा कागद लावायला सांगा. आणि सगळ्या भंगारवाल्यांना एकदा बोलावून ती खूण दाखवा, दिसली तर हात न लावता कुणाला फोन करायचा ते मराठीत आणि हिंदीत छापून द्या.

सोमवारी या तीन मागण्यांचं निवेदन देतोय. ज्यांना यायचंय त्यांनी अकरा वाजता कलेक्टर ऑफिसच्या गेटवर या. भंगारवाले भाऊ, तुम्ही तर याच.